कोणत्या जातीचे पिल्लू?

घरात मूल जन्मास आले म्हणजे त्याचे नाक कोणाच्या वळणावर गेले आहे, ह्याची चर्चा होते. कुत्र्याचे पिल्लू आले म्हणजे ते कोणत्या जातीचे, असे विचारतात. हा दुसरा प्रसंग अलीकडे आपल्या मध्यमवर्गीय घरांतून पुष्कळदा येऊ लागला आहे. मुलगा किंवा मुलगी शिक्षण संपवून नोकरीस लागते, स्वतःच्या मिळकतीचे चार पैसे हाती येतात, आणि एके दिवशी वडील मंडळींस न विचारता एक पिल्लू उंबरठ्याच्या आत येते. आई रस्त्यावरची, बाप कोणत्या तरी बंगल्यातला. किंवा बापाचा पत्ताच नाही. येणारेजाणारे जात विचारतात. ‘मिश्र आहे’ असे उत्तर मिळाले की विचारणाऱ्याचा चेहरा किंचित उतरतो, आणि उत्तर देणाऱ्या तरुणाच्या स्वरातही नकळत थोडी दिलगिरी येते. ही दिलगिरी कोठून आली, हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेख लिहिला आहे. ज्या प्रश्नाने ती उत्पन्न होते तो प्रश्न आपण समजतो तितका जुना नाही, आणि त्याचे उत्तर पिल्लाविषयी आपण समजतो तितके काही सांगतही नाही.

फार मागे जाऊनच आरंभ करणे बरे. १९१४ सालच्या फेब्रुवारीत जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांस दोन मानवी सांगाडे सापडले. एक चाळिशीच्या आसपासच्या पुरुषाचा, दुसरा सुमारे पंचवीस वर्षांच्या तरुणीचा. काळ आजपासून सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचा. म्हणजे शेती नाही, गाव नाही, गाईगुरे नाहीत. त्यांच्याबरोबर पुरलेली जनावराची काही हाडे व दात पुष्कळ वर्षे दुर्लक्षित पडून होते. ती कुत्र्याची आहेत हे १९७० नंतरच्या दशकात ध्यानात आले, आणि २०१८ साली दातांच्या बारीक तपासणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो तर मोठा विलक्षण आहे. ते कुत्रे नव्हतेच. सुमारे सात महिन्यांचे पिल्लू होते. दातांवरील लुकणात जे व्रण राहिले आहेत त्यांवरून, साडेचार महिन्यांच्या सुमारास त्याला डिस्टेंपर ह्या रोगाने गाठले, तो रोग त्याच्यावर दोनतीन वेळा उलटला, आणि तरीही ते काही आठवडे जगले, असे संशोधकांनी ठरविले आहे.

डिस्टेंपर झालेले पिल्लू ज्याने पाहिले आहे त्यास ह्या वाक्याचा अर्थ अधिक सांगावयास नको. ताप, ओकारी, जुलाब, पुढे झटके. अशा पिल्लास कोणी ऊब दिली नाही, घसा ओला केला नाही, घाण पुसली नाही, तर ते लवकरच संपते. शिकारीत किंवा राखणीत त्या आठवड्यांत त्याचा कवडीचाही उपयोग नव्हता. तेव्हा कोणीतरी ही शुश्रूषा उपयोगावर नजर ठेवून केली नाही, एवढे खास. ती त्या पंचवीस वर्षांच्या तरुणीने केली असेल असे मनात येते खरे. पण हाडे तितके बोलत नाहीत, म्हणून तो मोह येथेच आवरतो. एक गोष्ट मात्र नि:शंकपणे म्हणता येते. पिल्लू वाढविण्याचा इतका जुना पुरावा आज आपल्या हाती आहे, आणि त्या पिल्लास जात नव्हती. त्या काळी कोणत्याच कुत्र्यास ती नव्हती.

पुढे हजारो वर्षे कुत्र्याची ओळख त्याच्या कामावरून होत असे. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात जॉन कीझ नावाच्या विद्वान वैद्याने ब्रिटनमधील कुत्र्यांवर एक लहानसे लॅटिन पुस्तक लिहिले. ते १५७० साली छापले गेले आणि १५७६ साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. त्यातले वर्गीकरण पाहावे: वासाने माग काढणारे, डोळ्यांनी पाहून धावणारे, मेंढ्या राखणारे, श्रीमंत स्त्रियांच्या मांडीवर बसणारे, आणि स्वयंपाकघरात सळई फिरविणारे. हे शेवटचे वाचून हसू येईल. परंतु ते अक्षरशः खरे आहे. भिंतीवर एक पोकळ लाकडी चाक असे, त्यात आखूड पायांचे कुत्रे घालीत, ते आत चालत राही आणि चुलीपुढील सळईवरचे मांस भाजत फिरे. पुढे हेच काम करणारी यंत्रे स्वस्त झाली, आणि एकोणिसावे शतक सरता सरता हे कुत्रे पृथ्वीवरून नाहीसे झाले. त्यांपैकी एक पेंढा भरलेले वेल्समधील ॲबरगॅवेनी येथील संग्रहालयात राहिले आहे. काम गेले तशी जातही गेली. तिचे आईबाप कोण, हे कोणी लिहून ठेवले नव्हते, कारण ते लिहून ठेवावे असे कोणास वाटलेच नव्हते.

लिहून ठेवावे असे केव्हा वाटू लागले, त्याची तारीख मात्र सांगता येते. १८५९ सालच्या जूनच्या २८ व २९ तारखेस इंग्लंडातील न्यूकॅसल गावी कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन भरले. पॉइंटर आणि सेटर ह्या दोनच प्रकारच्या शिकारी कुत्र्यांस त्यात प्रवेश होता, आणि बक्षीस म्हणून बंदुका ठेविल्या होत्या. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात डार्विनचा ‘ओरिजिन’ हा ग्रंथ बाहेर पडला. एकाच वर्षात ह्या दोन गोष्टी घडाव्यात हा योगायोग खरा, पण मोठा बोलका आहे. एका ग्रंथाने सांगितले की प्राण्यांचे प्रकार स्थिर नाहीत, ते बदलत आलेले आहेत आणि बदलत राहणार. आणि त्याच देशातले धनिक लोक कुत्र्यांचे प्रकार कायमचे स्थिर करण्याच्या उद्योगास लागले! १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला. त्याने वंशावळीच्या चोपड्या उघडल्या. अमुक कान, अमुक शेपूट, अमुक रंग असे नमुने ठरले. ज्याचे आईबाप चोपडीत त्याचेच पिल्लू चोपडीत, असा दंडक झाला. अमेरिकेतील तशीच संस्था १८८४ सालची. ज्या शुद्धतेपुढे आपण आज दबकतो ती सारी ह्या दीडशे वर्षांतली आहे.

ही शुद्धता तयार कशी होते, ह्याचे एकच उदाहरण देतो, कारण ते आपल्या घरांत ओळखीचे आहे. माक्स फॉन श्टेफानिट्झ नावाच्या एका जर्मन सैनिकी अधिकाऱ्याने १८९९ सालच्या एप्रिलात एका प्रदर्शनात लांडग्यासारखा दिसणारा एक मेंढपाळी कुत्रा पाहिला, तो विकत घेतला, त्याचे पहिले नाव बदलून होरांड असे ठेविले आणि त्याच महिन्यात जर्मन मेंढपाळी कुत्र्यांचे मंडळ स्थापून चोपडीत पहिला क्रमांक त्यास दिला. त्यापूर्वी जर्मनीच्या निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या अंगलटीचे मेंढपाळी कुत्रे होते आणि त्यांची सरमिसळ चालू होती. त्या सरमिसळीतूनच हे कुळ निघाले. पुढे पहिल्या महायुद्धानंतर जर्मन हे नाव इंग्रजांस सोसेना, म्हणून तेथील केनेल क्लबाने त्यास ‘अल्सेशियन’ केले. तो १९७७ साली पुन्हा जर्मन झाला. आपण मात्र इंग्रजांनी रागाच्या भरात ठेविलेले नाव इमानाने चालवीत राहिलो. कोणतेही जातिवंत कुळ घ्या, दोनचारशे पिढ्या मागे जाण्याचीही गरज पडत नाही, तो संकरच हाती लागतो. फरक एवढाच की ह्या संकराजवळ कागद आहे.

आता आपल्याकडे वळू. मराठीत माणसाच्या आणि कुत्र्याच्या बाबतीत आपण ‘जात’ हा एकच शब्द वापरतो, आणि ‘जातिवंत’ हे विशेषण घोड्यापासून गवयापर्यंत कोणासही लावतो. शब्द एक असल्यामुळे एका क्षेत्रातला अभिमान दुसऱ्या क्षेत्रात न विचारता शिरतो. तथापि जुन्या काळी आपल्याकडेही कुत्र्यास जात विचारीत असल्याचे दिसत नाही. महाभारताच्या आरंभीच, आदिपर्वात, एक पिल्लू आहे: देवशुनी सरमेचा मुलगा. जनमेजयाच्या यज्ञात त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नव्हते, तरी राजाच्या भावांनी त्याला मारले, आणि सरमेने येऊन निरपराध मुलास का मारले म्हणून जाब विचारला. ग्रंथाच्या शेवटीही एक कुत्रे आहे; त्याला सोडून युधिष्ठिर इंद्राच्या रथात चढत नाही. कुत्री बाळगणाऱ्यांस स्वर्गात जागा नाही, असे इंद्र त्यास सांगतो. (हा आक्षेप पुढे सहकारी गृहनिर्माण संस्थांनी उचललेला आहे.) साताऱ्याच्या शाहू छत्रपतींच्या कुत्र्याची हकीकत ग्रँट डफने आपल्या १८२६ सालच्या इतिहासात एका टिपेत दिली आहे. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचविला, म्हणून त्यास जहागिरीची सनद आणि पालखीचा मान मिळाला, आणि भर दरबारात महाराजांनी आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेविली. ह्या टिपेत कर्तृत्व आहे, मान आहे, जहागीर आहे, जात नाही.

म्हणजे आपल्या पूर्वजांची दृष्टी निर्मळ होती असे मात्र म्हणता येत नाही. त्यांचा प्रश्न जातीचा नव्हता, सोवळ्याचा होता. दारच्या कुत्र्यास वैश्वदेवातला बली मिळे. पण तो दाराबाहेर. १८३२ सालच्या जूनमध्ये मुंबईत सरकारी हुकुमाने रस्त्यावरची कुत्री मारण्यास आरंभ झाला तेव्हा पारशी बांधवांनी दंगल केली, हिंदू व जैन व्यापाऱ्यांनी त्यांस साथ दिली, बाजार बंद पडला आणि सैन्य बोलवावे लागले. पुढे दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाई प्रभृतींच्या देणगीने भुलेश्वराजवळ पांजरपोळ उभा राहिला. ही भूतदया खरी होती, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण दंगल झाली ती कुत्र्याच्या प्राणासाठी. त्याला माजघरात घेण्यासाठी नव्हे. विसाव्या शतकात तो माजघरात आला तो पामेरियन आणि अल्सेशियन होऊन आला. माझ्या मते आजच्या त्या दिलगिरीचे मूळ येथे आहे. सोवळ्याचा उंबरठा कुत्र्याने ओलांडला खरा, परंतु साहेबाची वंशावळ दाखवून ओलांडला. ज्याच्याजवळ ती नाही तो अजून दारचाच राहिला, आणि त्याला आत आणणाऱ्या तरुणास एकाच वेळी दोन पिढ्यांच्या दोन निरनिराळ्या नापसंतींस तोंड द्यावे लागते.

अशा एका तरुणाची हकीकत इतिहासात चांगली नोंदली गेली आहे. १९१७ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या मैदानावर १०२ वी पायदळ पलटण कवायत करीत होती. तेथे एक बेवारशी पिल्लू हिंडत आले. रंग पट्टेरी, शेपूट आखूड, आईबाप अज्ञात. पंचविशीतला एक शिपाई, रॉबर्ट कॉनरॉय, त्याने त्यास जवळ केले आणि शेपटीवरून ‘स्टबी’ असे नाव ठेविले. पिल्लू शिपायांत वाढले, बिगुलाचे निरनिराळे सूर ओळखावयास शिकले, आणि उजवा पाय भुवईशी नेऊन सलाम करू लागले. पलटण फ्रान्सला निघाली तेव्हा कॉनरॉयने त्यास ‘मिनेसोटा’ नावाच्या बोटीवर कोळशाच्या कोठीत लपवून नेले. पुढे वरिष्ठ अधिकाऱ्याने पकडले तेव्हा स्टबीने सलाम ठोकला आणि प्रकरण मिटले, अशी कथा आहे. १९१८ सालच्या फेब्रुवारीत तो आघाडीवर होता. विषारी वायूचा त्याला एकदा त्रास झाला. तेव्हापासून वायूचा वास माणसांच्या आधी त्याला येई आणि तो भुंकून निजलेल्यांस उठवी. एप्रिलात सेशप्रेच्या चकमकीत हातगोळ्याच्या तुकड्याने त्याचा पुढचा पाय जखमी झाला. १९२१ साली जनरल पर्शिंगने त्याच्या गळ्यात सुवर्णपदक घातले.

ह्या हकीकतीत वर्तमानपत्रांनी मीठमसाला घातला आहे, हे उघड आहे. त्यास ‘सार्जंट’ म्हणत. सैन्याच्या दप्तरात त्याला आधार मिळालेला नाही. मला त्याहून अधिक गमतीची वाटते ती दुसरीच गोष्ट. मैदानावर आला तेव्हा ज्याला कुळ नव्हते, त्याला कीर्ती मिळताच वर्तमानपत्रे बुल टेरियर म्हणू लागली. कोणी बोस्टन टेरियरही म्हटले. मोठेपण आले की वंशावळ मागून शोधली जाते, हा अनुभव इतिहास वाचणाऱ्यांस नवा नाही. तो चार पायांच्या प्राण्यासही येतो, एवढेच येथे नवे. कॉनरॉय पुढे जॉर्जटाउन येथे कायदा शिकावयास गेला तेव्हा स्टबी त्याच्याबरोबर होता. १९२६ च्या मार्चमध्ये तो कॉनरॉयच्या हातांतच मरण पावला. कॉनरॉयने त्याचे कातडे पेंढा भरवून जपले, कात्रणांची जाड वही ठेविली, आणि १९५६ साली दोन्ही स्मिथसोनियन संग्रहालयास दिली. पदकांनी भरलेला तो लहानसा अंगरखाही त्याबरोबर आहे.

स्टबी शूर निघाला तो रक्तामुळे की वाढविल्यामुळे? एका कुत्र्यावरून ह्याचे उत्तर देता येत नाही. म्हणून अमेरिकेच्या मेन प्रांतातील बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर ह्या दोघा शास्त्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जे काम हाती घेतले, त्याकडे पाहिले पाहिजे. त्यांनी पाच जातींची कुत्री पाळली: बसेन्जी, बीगल, कॉकर स्पॅनियल, शेटलंड मेंढपाळी आणि तारेसारख्या केसांचा फॉक्स टेरियर. सारी पिले एकाच पद्धतीने वाढविली, आणि आफ्रिकेतून आलेला बुजरा बसेन्जी व गरीब स्वभावाचा कॉकर ह्यांचा मुद्दाम संकर करून त्याच्या पुढच्या पिढ्याही पाहिल्या. तेरा वर्षांचे हे काम १९६५ साली ग्रंथरूपाने आले. रक्तास काही अर्थच नाही, असे त्यांनी म्हटले नाही. बसेन्जीची पाच आठवड्यांची पिले माणूस दिसताच पळत आणि पकडल्यास चावत, आणि हा बुजरेपणा संकरज पिलांतही उतरला. परंतु हीच पिले रोजच्या हाताळणीने लवकर माणसाळली, हेही त्यांनीच नमूद केले आहे. एकाच जातीच्या दोन पिलांत त्यांना इतका फरक आढळला की जातीच्या नावावरून एखाद्या पिल्लाचा स्वभाव सांगणे धोक्याचे ठरावे.

त्यांच्या कामातील सर्वांत मौल्यवान भाग मात्र जातीचा नाही, काळाचा आहे. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन उघडे असते. त्या अवधीत जे जे पाहिले, हुंगले, ऐकले ते आपले होते; पुढे नवे ते परके. १९६१ साली ह्याच ठिकाणच्या एका प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. उंच कुंपणाच्या आत आयांबरोबर वाढणारी काही पिले निरनिराळ्या वयात आठवडाभर माणसांच्या सहवासात आणली, आणि काहींना चौदा आठवडे माणसाचा स्पर्शच होऊ दिला नाही. ही शेवटची पिले उत्तम जातीच्या आईबापांची होती. कॉकर आणि बीगल, म्हणजे घरगुती कुत्र्यांत अगदी सौम्य. ती रानटी जनावरासारखी झाली, आणि पुढे किती प्रयत्न केला तरी पुरती माणसाळली नाहीत. चोपडीतील सारी नावे त्यांच्या कामी आली नाहीत.

अलीकडचा पुरावा ह्याच बाजूचा आहे. अमेरिकेत ‘डार्विनचे तारू’ अशा अर्थाच्या नावाने एक मोठी पाहणी चालली; तीत मिश्र कुत्र्यांचे पालक फार मोठ्या संख्येने सामील झाले. १८,३८५ कुत्र्यांच्या पालकांनी प्रश्नपत्रिका भरल्या आणि २,१५५ कुत्र्यांच्या गुणसूत्रांची तपासणी झाली. २०२२ साली निष्कर्ष आला: कुत्र्याकुत्र्यांच्या वागणुकीत जो फरक दिसतो त्यापैकी सुमारे ९ टक्केच जातीने समजावून सांगता येतो. जातीवरून रंग, केस, उंची सांगता येते. ते पिल्लू पाहुण्यांवर भुंकेल की शेपूट हलवील, हे बहुतेक सांगता येत नाही.

पहिलेच पिल्लू वाढविणाऱ्या तरुणास ह्यातून एक खरीच अडचण उत्पन्न होते, आणि तिचा विचार जातीच्या चर्चेपेक्षा अधिक उपयोगाचा आहे. मन उघडे असण्याचे जे आठवडे, तेच रोगाच्या भयाचे आठवडे. ओबरकासेलच्या पिल्लास झालेला डिस्टेंपर विषाणूने होतो हे १९०५ साली कारे ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखविले, आणि लेडलॉ व डंकिन ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९२० नंतरच्या दशकात त्यावर लस काढली. १९७८ च्या सुमारास पार्व्हो हा नवा रोग जगभर पसरला, त्यावरही लस आहे. पण ह्या लसी सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून काही आठवड्यांच्या अंतराने दोनतीन वेळा टोचाव्या लागतात, आणि रेबीजची लस सुमारे तीन महिन्यांच्या वयास. ती टाळणे हा आपल्या देशात अविचार नव्हे, अपराध आहे. सारे टोचणे पुरे होईतो पिल्लू घरात कोंडले तर रोग टळतो, पण तोवर त्या मनाचे दार लागत आलेले असते. म्हणून पशुवैद्य आता असे सांगतात की पहिली लस टोचून सात दिवस गेले म्हणजे पिल्लास कडेवर घेऊन बाहेर न्यावे. खाली सोडू नये. पण रिक्षाचा आवाज, छत्री उघडणारा माणूस, काठी टेकीत येणारे आजोबा, शाळेतून सुटलेली मुले, हे सारे त्यास वरून पाहू द्यावे. लस टोचलेली ओळखीची कुत्री घरी येऊ द्यावी. आणि पाहुणे येतात तेव्हा त्यास आतल्या खोलीत बंद करू नये. ते जात विचारीत असतील तर विचारू द्यावी, फक्त विचारता विचारता त्यांनी त्यास मांडीवर घ्यावे.